अंडे न चिकटणाऱ्या तव्याची साक्ष

मानवजातीच्या इतिहासात खऱ्या अर्थाने तीनच शोध लागले. पहिला अग्नी, दुसरे चाक आणि तिसरा मी. मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. खोलगट, लांब मुठीचा, 'एकावर एक फुकट' या योजनेत घरी आलेला. आणि त्या दोघांतला फुकट आलेला तो मीच.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात माझा काही दोष नाही. दुकानात लोक मला बोटांनी वाजवून बघत, उलटे करून बुडाशी डोळा लावत, आणि 'जरा पुढे बघून येतो' असे म्हणून कायमचे पुढे जात. ज्याच्याकडे सगळे संशयाने बघतात, त्याने जगाकडे कौतुकाने बघावे अशी अपेक्षा धरू नये. शिवाय जो तो आपलीच पोळी भाजून घ्यायला आमच्याजवळ येतो, हा समस्त तव्यांचा वडिलोपार्जित अनुभव आहे.

मला आणणाऱ्या बाईला सारे घर ताई म्हणे, तिची आईसुद्धा. घरात त्या दोघी, ताईचा धाकटा भाऊ आणि वहिनी, म्हणजे त्या भावाची बायको. ताई एका रंगाच्या कारखान्यात रसायने तपासायची. एक दिवस तिने ती नोकरी सोडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल टाकून वाळूपासून अतिशय बारीक कण काढायला घेतले. किती बारीक? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाचे उभे हजार पदर काढले, तर त्यातला एक पदर असेल तेवढे. यालाच नॅनो म्हणतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी दिसणारा पगार सोडलेला पाहून मला तेव्हाच तिच्याविषयी शंका आली होती.

या कणांचा थर एखाद्या भांड्यावर बसवला, तर तेलाचा थेंब न घालताही काही चिकटणार नाही, अशी तिची कल्पना. प्रयोगासाठी तिने मला निवडले. हा बहुमान आहे असे मी बरेच दिवस समजत होतो. मग लक्षात आले, की जळून गेले तरी कुणी हळहळणार नाही, असे घरात ते एकच भांडे होते. पहिला थर कोंड्यासारखा झडला. दुसरा निळा पडला. तिसऱ्याच्या वेळी घरभर असा वास सुटला की वहिनी दोन दिवस माहेरी राहून आली. एका सकाळी मात्र ताईने माझ्यावर अंडे फोडले आणि मला किंचित कलते केले. अंडे निघाले ते थांबेचना. माझा काठ ओलांडून, शेगडी ओलांडून थेट आईच्या पावलावर जाऊन पडले.

"तव्यावर ठरत नाही, आणि म्हणे शोध लागला!" आई म्हणाली.

ताई मात्र फरशीवर त्या अंड्याशेजारी बसून रडत होती. एखाद्या अंड्यासाठी कुणी इतके रडलेले मी पाहिले नव्हते.

आता पेटंट घ्यायचे ठरले. पेटंट म्हणजे 'ही युक्ती हिचीच' असे सरकारी मान्यतापत्र. त्याची एक कडक अट असते. अर्ज करण्याआधी ती युक्ती चारचौघांत उघड झालेली नसावी. उघड झाली, की ती सगळ्यांची. ताईच्या वकिलांनी हे तिला पुन्हा पुन्हा बजावले. हे वकील लिहिताना इतके स्वल्पविराम टाकत, की पुढे बोलण्यातही येऊ लागले. घरात त्यांना 'स्वल्पविराम' असेच नाव पडले.

"हा तवा, ताई, घराबाहेर, जाता, कामा नये," ते म्हणाले.

आणि अर्ज व्हायच्या आधीच मी घराबाहेर गेलो. लांब नाही, एक मजला वर. ताई माझ्यावरच्या थराचे नमुने तपासून घ्यायला परगावी गेली होती. वरच्या मजल्यावरच्या मावशी धावत खाली आल्या. त्यांचा जावई अचानक दारात उभा, आणि त्यांच्या तव्याची मूठ हातात आलेली. आईचा जीव विरघळला. तिने मला मावशींच्या हातात ठेवले आणि हळूच म्हणाली, "ताईनं यावर शोध लावलाय हो. तेलसुद्धा लागत नाही. पण कुणाला सांगू नका हं!"

मित्रांनो, वर जाऊन मी माझे काम केले. अंडी घसरली. जावई आधी हसला, मग त्याने मला उलटे करून पाहिले. हा जावई कुठे नोकरीला होता? भांडी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत. ती नजर मी दुकानातल्या दिवसांपासून ओळखतो. पण तव्याला वाचा नसते. फार तर चर्र करता येते, आणि तेही आता माझ्यावर होत नव्हते.

त्या कंपनीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तिच्या तव्यांच्या खोक्यावर 'नॅनो' हा शब्द तळहाताएवढ्या अक्षरांत छापलेला असे. आत नॅनो काय होते ते देव जाणे. पुढे असा नियम आला की अन्नाच्या भांड्यांत असे कण असतील तर तसे खोक्यावर जाहीर करायचे आणि ते पोटात जात नाहीत हे तपासून दाखवायचे. तपासणी म्हणताच तो शब्द खोक्याच्या कोपऱ्यात गेला आणि इतका बारीक झाला की वाचायला भिंग लागावे. त्या खोक्यावर खऱ्या अर्थाने नॅनो असलेली तेवढी एकच गोष्ट. ताईच्या थराची तपासणी मात्र चोख झाली होती. म्हणूनच कंपनीला तो हवा होता, आणि फुकट हवा होता.

अर्ज गेला, पेटंटच्या सरकारी पत्रिकेत छापून आला, आणि कंपनीने हरकत घेतली. हा तवा अर्जाच्या आधीच लोकांमध्ये वापरला गेला आहे, सबब पेटंट देऊ नये. हरकत मान्य झाली असती तर उद्यापासून कंपनीने तेच तवे बनवले असते, आणि नोकरी सोडलेल्या ताईच्या हातात उरलो असतो मी एकटा.

"घरातलंच कुणीतरी फुटलंय," ताई म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घराचे पोलीस ठाणे झाले. दुधाने तोंड पोळले होते, आता ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणे सुरू झाले. मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात कोंडले आणि किल्ली ताईच्या गळ्यात गेली. सगळा संशय वहिनीवर आला, कारण तिने एकदा मैत्रिणींना फोनवरून खिडकीतल्या कुंडीचा फोटो पाठवला होता आणि त्यात मागे माझी मूठ दिसत होती.

"वहिनी, खरं सांग, आणखी कुणाला पाठवलास?"

"ताई, मी कुंडीचा फोटो काढला. तवा मध्ये आला, त्याला मी काय करू?"

"तवा आपण होऊन मध्ये येत नाही."

वहिनीने हातातली पळी खाली ठेवली. "बरं. मग तुमच्या स्वयंपाकघरात उद्यापासून मीही येत नाही."

आणि ती आली नाही. जेवायची वेळ बदलून घेतली. भाऊ दोघींच्या मध्ये आमटीतल्या चमच्यासारखा फिरत राहिला. आई मात्र त्या दिवसांत फार कमी बोलू लागली. कपाटासमोरून जाताना ती क्षणभर थबकायची, आणि मग उगाचच दाराची धूळ पुसायची. कपाटाच्या आतून मला तिच्या बांगड्या ऐकू येत. मी काय ते समजलो होतो.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि नको इतका गारवा होता. मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गळ्यात चिठ्ठी बांधून मध्ये ठेवले होते. निर्णय देणाऱ्या बाईंनी मला पिशवीतून काढले, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझा वास घेतला. माझ्याइतके संशयी कुणीतरी भेटले म्हणून मला बरे वाटले. कंपनीच्या वकिलांचे प्रत्येक वाक्य 'तथापि'ने सुरू होई. त्यांच्या मागे तो जावई आणि त्याचे साहेब बसले होते. साक्षीदार म्हणून आत आल्या वरच्या मजल्यावरच्या मावशी.

"अगं बाई, तुम्हीपण आलात?" आईला पाहून त्या म्हणाल्या. आईने पदराचे टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"तथापि, आपण हा तवा वापरलात, हे खरे?" कंपनीच्या वकिलांनी विचारले.

"वापरला म्हणजे, अंडी केली. जावई आले होते. नुसत्या चहावर बोळवण करू का?"

"म्हणजे सार्वजनिक वापर झाला."

"सार्वजनिक? अहो, माझं घर आहे ते! लोक चपला बाहेर काढून येतात."

स्वल्पविराम उठले. "मावशी, हा तवा, देताना, यांच्या आईंनी, तुम्हाला, काही बजावलं, होतं का?"

"हो तर! म्हणाल्या, कुणाला सांगू नका हं."

ताईने मान वळवून आईकडे पाहिले. आई टेबलाकडे पाहत होती. मित्रांनो, मी पुष्कळ आचेवर तापलो आहे, पण त्या गार खोलीत तेव्हा जे तापले होते, तसे मी कधी सोसले नाही.

कंपनीचे वकील मात्र खूश झाले. "तथापि, बाईसाहेब, आपल्या भाषेत 'कुणाला सांगू नका' ही गुप्ततेची अट नसतेच. ती बातमीची प्रस्तावना असते! हे वाक्य ऐकून आजवर कुणी गप्प बसल्याचं आपल्या ऐकिवात आहे?"

खोलीत जो तो आपापले काहीतरी आठवत होता. बाईंचाही चेहरा जरा अवघडला. युक्तिवाद बिनतोड होता. ताईने डोळे मिटून घेतले.

"मावशी," बाईंनी विचारले, "तुम्ही हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"जावयांना?"

"त्यांना सांगितलं की. पण जावई म्हणजे 'कुणी' आहेत का? घरचे आहेत! आणि त्यांनाही बजावलं, कुणाला सांगू नका."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. जावयाला उभे केले. तो म्हणाला, "मी फक्त आमच्या साहेबांना सांगितलं. तेही म्हटलं, सर, कुणाला सांगू नका." मग साहेब उभे राहिले. "मी ते आमच्या कायदा विभागाच्या कानावर घातलं. अर्थात, कुणाला सांगू नका, असं सांगूनच."

"छान," बाई म्हणाल्या. "म्हणजे ही गोष्ट जिथे जिथे गेली, तिथे ही अट बरोबर घेऊनच गेली, आणि तुमच्या कंपनीत येऊन थांबली. तुमच्याखेरीज बाहेरच्या एका माणसाला कळली असेल, तर तो माणूस मला दाखवा."

कंपनीचे वकील उठले. "तथापि," ते म्हणाले. आणि त्या शब्दापुढे पहिल्यांदाच काही आले नाही.

हरकत फेटाळली गेली. ताईला पेटंट मिळाले. खोक्यावर 'यात नॅनोकण आहेत' असे सहज वाचता येईल अशा अक्षरांत छापायचे, एवढे नियमाप्रमाणे बजावण्यात आले.

बाहेरच्या बाकावर आई ताईला म्हणाली, "मी म्हटलं होतं गं तिला, कुणाला सांगू नका म्हणून."

"हो आई. तेवढ्यावरच निभावलं. पण मला का नाही सांगितलंस?"

"तू वहिनीवर इतकी कडाडलीस... म्हटलं, थोडं शमू दे, मग सांगते. मग रोज उशीरच होत गेला."

ताईने आईचा हात हातात घेतला. घरी गेल्यावर ती वहिनीकडे गेली आणि माफी मागितली. "चालायचंच, ताई," वहिनी म्हणाली. पुढे नवे तवे तयार झाले, तेव्हा पहिला तवा ताईने तिलाच दिला. वहिनीने तो घेतला, उलटा केला, उजेडात धरला आणि विचारले, "हा कशाबद्दल?" हे मला नंतर कळले. मित्रांनो, माझ्यावर अंडे चिकटत नाही, मासा चिकटत नाही, करपलेले दूधसुद्धा चिकटत नाही. त्या घरात जे चिकटून बसले होते, त्यावर माझा थर चालला नाही.

मी मात्र परत गेलो नाही. कंपनी वर दाद मागेल म्हणून पुरावा राखून ठेवायचे ठरले, आणि मी या पेटंट कार्यालयाच्या काचेच्या कपाटात आलो. प्रारंभी लोक माझे फोटो काढत. आता माझ्या पोटात कुणीतरी टाचण्या ठेवतो. शाळेची सहल आली, की तुमच्यासारखी मुले काचेला नाक लावून उभी राहतात, आणि मार्गदर्शक सांगतात, 'हा पहा, विज्ञान आणि कायदा यांच्या संगमाचा साक्षीदार!'

म्हणून मित्रांनो, माझ्या आयुष्यातून एवढे शिका: संशय भांड्यांवर घ्यावा. भांडी घासून स्वच्छ होतात. माणसांच्या बाबतीत आधी विचारावे, नीट ऐकावे, आणि मगच कपाटाला कुलूप लावावे. नवे शोध तर लागतच राहतील, नवे कायदेही येतील, पण एका घरातल्या माणसांनी...

असो. तुमच्यापैकी कुणाच्या दप्तरात पेचकस आहे का? सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या तज्ज्ञाने माझी मूठ काढून आत डोकावून पाहिले होते, तेव्हापासून तिथला एक स्क्रू ढिला आहे. तेवढा आवळून द्या. स्क्रू ढिला असलेल्याचे बोलणे कुणी मनावर घेत नाही.