डाव्या पायाचा फर्मा

मित्रांनो, शेवटी आक्का परदेशी निघून गेली. पण ते तूर्त सोडा. असं काही झालंच नाही असं धरून चला, म्हणजे मला नीट सांगता येईल.

मी एक जुना फर्मा आहे, डाव्या पायाचा. माझ्यावर चामडं ताणून बूट घडवतात. मी एका देशात जन्मलो, बुटाचं चित्र दुसऱ्या देशात निघालं, चामडं तिसरीकडून आलं आणि ठोकाठोक तेवढी आमच्या गावाच्या वाट्याला आली. तीही फक्त डाव्या बुटाची. उजवा समुद्रापलीकडे होई. कारण सोपं होतं, कामगारांनी जोड पळवू नये. नुसता डावा बूट चोरून माणूस जाणार कुठे?

तरी दिवस बरे होते. गल्लीत डांबर आलं, घरांवरचे पत्रे जाऊन स्लॅब आले. माझ्यावर चामडं ताणायची ती आक्का. "हात आहे की पकड!" मुकादम म्हणे, आणि तेवढ्यावरच पगारवाढ भागवी.

एकदा आक्काने विचारलं, "मुकादम, ते चित्र आपल्याला नाही का काढता येणार? खरा पैसा त्यातच आहे म्हणतात."

"आक्का, आपल्याकडे पायाचं काम. डोक्याचं तिकडे."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण अंगात खिळे होते.

मग कुठल्याशा देशाने डावा बूट आणखी स्वस्तात करून दाखवला. कारखान्यातली यंत्रं पेटीबंद होऊन तिकडे गेली. मी झिजलेला, म्हणून कोपऱ्यात राहिलो. आक्काने मला पिशवीत घालून घरी आणलं आणि लेकीला सांगितलं, "आता आपणच अख्खा जोड करू. तुला सोडून मी कुठ्ठे जायची नाही."

पहिलं गिऱ्हाईक पोस्टमन. उजवा फर्मा नव्हता, म्हणून तिने उजवा बूटही माझ्यावरच ताणला. खूप ओढाताण केली, पण जन्मभर डावं वळलेले हात उजवं वळेनात. पोस्टमन दोन डावे बूट घालून गेला आणि संध्याकाळी परत आला.

"आक्का, बूट टिकाऊ आहेत हो. फक्त मला घरी जाऊ देत नाहीत. सारखं डावीकडेच वळवतात."

दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही. आला तो एक दलाल. त्या स्वस्त देशात डाव्या बुटाचे अनुभवी हात हवे होते. घरातला डबा रिकामा होता. आक्काने बॅग भरली.

दारात लेक म्हणाली, "आई, तिथे उजवासुद्धा शिकून घे."

"शिकवला तर," आक्का म्हणाली. मागे वळून मात्र पाहिलं नाही तिने.

आता वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लेक मला फटीत लावते. मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी जगाच्या व्यापाराचा कारभार पाहू लागलात, तर एवढा अर्ज पुढे सरकवा:

अर्जदार डावा फर्मा, सविनय विनंती करतो की, देशोदेशींच्या कामांची फेरवाटणी करताना या गावाला एक उजवा फर्मा, चित्र काढायला एक पेन्सिल आणि एक आई मंजूर व्हावी. सर्व एकदम पाठवणे गैरसोयीचे असल्यास, आई आधी पाठवावी.