दुसरी किल्ली

यशराजची लाल गाडी गगनबावड्याहून परत आली ती टेम्पोवर चढून. एरवी सगळ्यांना मागं टाकून सुसाट जाणारी गाडी दोरांनी आवळून आणलेली बघितली आणि कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या शेजाऱ्यांना आठवडाभराचा विषय मिळाला. इंजिन बसलं म्हणावं तर तसंही नव्हतं. घाटमाथ्यावर कठड्याशी उभं राहून फोटो काढताना साहेबांच्या हातातनं किल्ली निसटली आणि धुक्यात दरीत गेली, एवढंच. त्याची बायको प्रियदर्शनी म्हणाली, "मोबाईल सोडायचा आन् किल्ली धरायची की." दोन मंगल कार्यालयांचा मालक, हातकणंगल्याकडं उसाची शेती, एरवी यशराज कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यानं निमूट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाला आला, गाडीभोवती फिरला आणि त्यानं मान हलवली.

"मालक, ही साधी किल्ली न्हाय. आत चिप असती. गाडीनं किल्ली वळखली न्हाय, तर नुसतं कुलूप फिरंल, इंजिन न्हाय सुरू व्हायचं. हिची दुसरी किल्ली द्या, तिच्यावरनं करून देतो. न्हायतर कंपनीकडनं नंबर मागवा. त्यो बी कागदावर ज्याचं नाव हाय, त्याच्याच सहीनं मिळंल."

सही आणि असलीच तर दुसरी किल्ली, दोन्ही एकाच माणसाकडं होत्या. आणि त्या माणसाचं तोंड यशराजनं पाच-सहा वर्षांत बघितलं नव्हतं.

गुरुप्रसाद त्याचा कॉलेजातला दोस्त. एका डब्यात जेवलेले दोघं. पुण्यात नोकरीला असताना गुरुप्रसादनं ही दोन सीटांची परदेशी गाडी घेतली, जुनीच, पण पोटाला चिमटा काढून. मग त्याची आई, माई, आजारी पडली. नोकरी सोडून तो पेठ वडगावला परतला आणि दवाखान्यापायी गाडी विकायची वेळ आली. तेव्हा यशराजच पुढं झाला होता. "परक्याला कशाला देतोस भावा? माझ्याकडं ठेव. सवड झाली की त्याच पैशात परत घेऊन जा." म्हणून तर कागदावरचं नाव कधी बदललं नव्हतं. दोस्तीत शब्द पुरे होता.

तीन वर्षांनी गुरुप्रसाद खरोखरच पैसे घेऊन आला आणि यशराजनं शब्द फिरवला. तोवर गाडीवर त्याचा जीव जडला होता. कार्यालयातले नवरदेव तिच्यातनं मिरवायचे, चौकात पोरं वळून बघायची, गाडीवरनं त्याला लोक ओळखू लागले होते. "एवढा दसरा होऊ दे, पुढच्याला बघू," तो म्हणाला. गुरुप्रसादनं चहा संपवला, पैशांची पिशवी उचलली आणि गेला. भांडला असता तर फार बरं झालं असतं. चार शिव्या खाऊन यशराज मोकळा झाला असता. पण तो भांडला नाही, नुसता यायचा थांबला. आज फोन करू, उद्या करू म्हणता म्हणता वर्षं गेली.

आता गरज पडल्यावर यशराज वडगावला निघाला. वाटेत पेढे घेतले, आणि ते घेतल्याचीही त्याला लाज वाटली.

शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती. गुरुप्रसाद फळा पुसत होता. यशराजला बघून तो हसला नाही, रागावलाही नाही. "ये. बस," म्हणाला. माई उंच खाटेवर बसल्या होत्या. "यश ना रे? किती दिवसांनी," त्यांनी ओळखलं.

यशराजनं खाली मान घालून कठडा, धुकं, किल्लीवाला, सगळं सांगितलं. गुरुप्रसाद देवघरात गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात गाडीची दुसरी किल्ली होती. तिच्या खाचांत कुंकू साचलं होतं, वरच्या काळ्या मुठीवर हळदीचे डाग होते.

"ह्ये काय रं?"

माईच म्हणाल्या, "खंडेनवमीला जो तो आपली गाडी पुजतो. ह्याची गाडी तुझ्याकडं, म्हणून हा किल्ली पुजतो. दर वर्षी."

"माई, असू दे," गुरुप्रसाद म्हणाला.

यशराज कानकोंडा झाला. त्याच्याकडं त्या दिवशी ड्रायव्हरच गाडीला झेंडूची माळ घालायचा, हा आत फोनवर असायचा. आणि इथं कागद गुरुप्रसादच्या नावावर, किल्ली त्याच्या देवघरात. कुठल्याही दिवशी येऊन त्यानं दारातनं गाडी नेली असती, तर कुणाच्या बापाला अडवता आलं नसतं. तो आला नव्हता.

"चुकलो मी, गुऱ्या. गाडी तुझीच हाय. उद्या आणून लावतो दारात, पैसं बी नगोत."

"नको."

"आरं, तूच आलतास की न्यायला."

"त्या वक्ताला माई बरी झालती. म्हणाली, माझ्यापायी गेली ती गाडी, एकदा तिच्यातनं जोतिबाला ने. म्हणून आलतो." गुरुप्रसादनं किल्ली त्याच्या हातात ठेवली. "तू इचारलं न्हाईस, मी बी सांगितलं न्हाय."

यशराज माईंकडं वळला. "माई, उद्याच जावा दोघं. मी सकाळी गाडी घेऊन येतो."

"नको रे बाळा," माई म्हणाल्या. "पुढं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून मला खाली बसवत नाही. ती गाडी केवढी खाली. आत बसले तर मला उठवणार कोण?" मग त्या लेकाला म्हणाल्या, "चहा टाक रे, ह्याला साखर जास्त लागते."

चहा उकळेपर्यंत गुरुप्रसादनं गाडी नावावर करून द्यायच्या कागदावरही सही केली. "घे. म्हंजे परत यायला लागायचं न्हाय तुला."

संध्याकाळी पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली. शेजारी गॅलरीत आले. प्रियदर्शनी म्हणाली, "चला, एकदाचं काम झालं." यशराजनं इंजिन बंद केलं. उतरताना त्याला दाराला धरून, गुडघ्यावर हात रोवून उठावं लागलं. एवढी वर्षं मिरवून ही गाडी इतकी खाली आहे, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.