चाळीस झाडांच्या पाट्या

"पाटी बघा एवढीशीच, आणि मजकूर केवढो!" झाडाखाली बसलेल्या पांडुरंग पेंटरने पत्र्याची पाटी मांडीवर आडवी धरली. "वर शास्त्रीय नाव, मदी झाडाचा नाव, खाली तुमच्या मंडळाचा नाव. तीन वळी झाल्यो. चवथी खंय घालू?"

"चवथी नाका," कमलाक्षीबाई म्हणाल्या. "मदल्या वळीक घोटिंग बरय. हांगाचे लोक घोटिंगच म्हणटात."

पांडुरंगने मान हलवली. आदल्याच दिवशी शंभूबाब त्याच झाडाखाली उभे राहून 'बेहडा' लिही म्हणून सांगून गेले होते.

डिचोलीबाहेरच्या वनस्पती उद्यानाचं एक मित्रमंडळ होतं. औषधांचं दुकान चालवणारे शंभूबाब त्याचे अध्यक्ष, शाळेत मराठी शिकवणाऱ्या कमलाक्षीबाई चिटणीस. मंडळाच्या हिवाळी पत्रकात तीन बातम्या छापल्या होत्या. वणवा आत शिरू नये म्हणून कुंपणालगतचं गवत कापून झालं होतं. रोपवाटिकेसाठी बिया गोळा करायला माणसं हवी होती. आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी झाडं ओळखायची फेरी निघणार होती. तोवर चाळीस झाडांना नावाच्या पाट्या लागणार होत्या. पहिल्या दोन कामांत कुणाचा वाद नव्हता. पाट्यांवर मात्र सगळं अडलं. गोवा राज्य होऊन सहा-सात महिने झाले होते, तरी मराठी की कोकणी हे भांडण अजून निवलं नव्हतं. बैठकीत शब्दाला शब्द वाढला आणि अध्यक्ष-चिटणीस एकमेकांशी बोलेनासे झाले. गंमत म्हणजे शंभूबाब मराठीचा कैवार घ्यायचे तो कोकणीतून, आणि बाई कोकणीसाठी भांडून घरी जायच्या ते मुलांच्या मराठीच्या वह्या तपासायला.

पांडुरंगला हे नवं नव्हतं. आंदोलनाच्या दिवसांत त्याने सकाळी एका बाजूच्या घोषणा रंगवल्या होत्या आणि दुपारी दुसऱ्या. शेवटी कुणीतरी त्याच्या ब्रशांच्या डब्यात डांबर ओतलं. कुणी ओतलं ते त्याने कधी विचारलं नाही.

त्याचा मूळ धंदा ट्रकांचा. सुर्ल्याच्या खाणीवरून खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर त्याने तीस वर्षं नावं, नंबर आणि देव रंगवले. आता ट्रकवाले छाप लावून रंग फवारणाऱ्यांकडे जात. पांडुरंग विचारलं तर म्हणायचा, लोकांना घाई झाली आहे. पण खरं कारण वेगळं होतं. पावसाळ्यापासून त्याचा उजवा हात थरथरत होता. हे फक्त त्याच्या बायकोला, लक्ष्मीला, ठाऊक होतं. पाट्यांचं काम आलं तेव्हा ती म्हणाली होती, "कित्याक घेतास? लोक बघतले." तो म्हणाला, "माका बघूचा आसा, अजून जमता काय नाय ता."

थंडीत सकाळी हात जास्तच हलायचा. ऊन अंगावर येईपर्यंत तो पत्रे घासत बसायचा, मग उजव्या मनगटाखाली काठी टेकवून लिहायला घ्यायचा. चुकलेलं अक्षर रॉकेलच्या फडक्याने पुसायचा. पहिल्या आठवड्यात जेमतेम तीन पाट्या झाल्या.

एका सकाळी शास्त्रीय नावातलं एकच अक्षर तिसऱ्यांदा घसरलं. मागे पावलं वाजली. कमलाक्षीबाई होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या खाली बसल्या आणि त्यांनी पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"वारो आसा," त्या म्हणाल्या. "पाटी हालता."

झाडाचं एक पानही हलत नव्हतं. पांडुरंगने मान खाली घालून अक्षर पुरं केलं. दुसऱ्या दिवसापासून बाई शाळेआधी तासभर येऊ लागल्या. मधली ओळ मात्र तो रिकामीच ठेवत होता. बाईंनी विचारलं, तर म्हणाला, "ती निमाणी, सगळ्यांच्या शेवटाक. ती मिया घरी करतंय."

फेरीच्या रविवारी सत्तरेक माणसं आली. इब्रामपूरच्या शाळेतल्या मुली पाट्या मोठमोठ्याने वाचत पुढे पळत होत्या. शंभूबाब पहिल्याच झाडापाशी थबकले. पाटीवर बेहडाही होता, घोटिंगही होतं. दोन्ही नावं सारख्याच मापाची. खालची ओळ गायब होती.

"मंडळाचा नाव खंय गेला?"

"काढलंय," पांडुरंग म्हणाला. "जागा तीनच वळींची. झाडाक दोन नावां आसत."

"आणि वर कुठला, खाली कुठला, ता कोणी ठरयला?"

"एका झाडार ह्या वर, दुसऱ्यार ता. वीस वीस."

"आमका विचारूचा नाय?"

"विचारलेला आसता तर तुमी दोगांय अजून भांडत आसतास."

कमलाक्षीबाई हसल्या, मग तोंड फिरवून मुलींच्या मागे गेल्या. शंभूबाब हसले नाहीत. सबंध फेरीत ते प्रत्येक पाटीपाशी थांबत गेले. चाळिसाव्या पाटीवर रेघा उघडच वाकड्या गेल्या होत्या. घरी, बाईंनी पाटी न धरता लिहिलेल्या नावांतली ती शेवटची. शंभूबाबांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ही मिया परत करून देतंय," पांडुरंग घाईने म्हणाला.

"नाका. वाचूंक येता."

फेरी संपल्यावर झाडाखाली चहा होता. पांडुरंग ब्रश धुण्याच्या निमित्ताने लांब नळापाशी बसून राहिला होता. शंभूबाब दोन कप घेऊन तिकडे आले. जवळ येऊन ते थांबले, एका कपातला अर्धा चहा त्यांनी जमिनीवर ओतून टाकला आणि तो कप पुढे केला.

पांडुरंगने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुसून कप घेतला. एकही थेंब सांडला नाही.