डावीकडचा काळोख

“अजून काळं कर,” बाबा म्हणाले आणि हातातली छत्री बंदुकीसारखी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर रोखली.

प्रयोगशाळेतल्या पेइ-रोंगने उजेड कमीजास्त करायची समोरची चकती किंचित फिरवली. पडद्यावर सुक्या मासळीचं दुकान होतं. उजव्या कडेला टोपी घातलेला वसुलीवाला उभा, त्याच्या गालावर पट्ट्यापट्ट्यांचा उजेड. डावीकडचा सगळा भाग आणखी खोल बुडाला.

“काका, मूळ निगेटिव्हमध्ये तिथे बरंच काही आहे,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नाही ते आता दाखवता येईल. लोक अशा डिस्क विकत घेतात त्या त्यासाठीच.”

“घरात न्हाणीघर आहे म्हणून पाहुण्यांना तिथे बसवतेस का?”

पेइ-रोंग हसली. मागच्या सोफ्यावर उपशीर्षकं तपासत बसलेली त्यांची मुलगी सू-यिन हसली नाही.

“बाबा, त्यांना त्यांचं काम करू द्या.”

“करू देतोय की. पण तो कोपरा प्रेक्षकांचा नाही.”

‘सातवं गोदाम’ हा त्यांचा एकुलता एक सिनेमा. मित्रांच्या मदतीने कीलुंग बंदरात काढलेला. दिग्दर्शन त्यांचं, कॅमेराही त्यांच्याच खांद्यावर. तेव्हा तो आठवडाभरही चालला नव्हता. मग कुठून कुठून त्याच्या कॅसेटी फिरल्या, परदेशातल्या मासिकांत लेख आले, आणि आता ताइपेइच्या या प्रयोगशाळेत त्याची फ्रेम न् फ्रेम धुऊन, सांधून काढली जात होती. डिस्कबरोबर एक पुस्तिका निघणार होती. तिच्यातला मुख्य लेख सू-यिनचा. ती महाविद्यालयात साहित्य शिकवत असे. वडिलांविषयी तिला बोलता आलं नसतं, त्यांच्या सिनेमाविषयी लिहिता येत होतं.

दुपारी गल्लीतल्या खानावळीत बाबांनी तो लेख चष्मा कपाळावर चढवून वाचला.

“‘चौकटीचा डावीकडचा रिकामा काळोख ही शहराने गिळलेल्या माणसांची जागा आहे.’” त्यांनी घास गिळला. “वा! मला यातलं काही ठाऊकच नव्हतं.”

“थट्टा करू नका. मग काय आहे तिथे?”

“अंधार.”

भिंतीवरच्या टीव्हीत बेसबॉलचा सामना चालला होता. त्यावरची नजर न काढता त्यांनी आपल्या सूपमधला माशाचा गोळा उचलला आणि तिच्या वाडग्यात टाकला. मग दुसरा. हे ते नेहमीच करत, आणि नेहमी असंच, न बघता. सोळाव्या वर्षी तिने एकदा भांडून विचारलं होतं, “माझ्याकडे कधी पाहिलंत तरी का तुम्ही?” तेव्हा ते भिंगावरची धूळ फुंकत होते. “पाहत होतो की,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा फुंकर मारली. त्यानंतर तिने विचारलं नव्हतं.

स्टेशनवर ती म्हणाली, “उद्या कॉमेंटरीचं रेकॉर्डिंग आहे, डिस्कसाठी सिनेमा बघत बोलायचंय. या वेळी टाळायचं नाही.”

“मी काय बोलणार? सिनेमा बोलतोय ना.”

“म्हणजे दीड तास मुक्याने बसणार?”

“तू बस शेजारी. शिकलेली आहेस, तू बोल.”

ते फाटकातून आत गेले आणि मागे वळून न बघता त्यांनी छत्री वर करून हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर सापडले. खुर्चीत बसलेले, झारी मांडीवर, निम्म्या कुंड्यांना पाणी घालून झालेलं.

सातव्या दिवसाच्या विधीला, जाळून बाबांना तिकडे पोचवायचा म्हणून, आत्याने कागदाचा कॅमेरा करवून आणला. बांबूच्या काड्यांवर काळा कागद, पुढे चंदेरी भिंग, बाजूला फिरणारी मूठसुद्धा. कागदी घर आणि कागदी मोटारीशेजारी तो देवळाच्या भट्टीपुढे ठेवला होता.

“फिल्मची डबी दिलीये ना आत?” आत्याने कारागिराला दरडावलं. “नाहीतर तिकडे पोचल्या पोचल्या भांडण काढेल. त्याला ओळखत नाहीस तू.”

कॅमेरा भट्टीत गेला. आधी भिंग पेटलं.

“शूटिंगला तुलासुद्धा न्यायचा,” आत्या ज्वाळेकडे बघत म्हणाली. “तुझी आई कारखान्यात. मी म्हटलं, माझ्याकडे ठेव पोरीला. तर म्हणे, नको, नजरेआड नको.”

“कुठल्या तरी कोपऱ्यात टाकून द्यायचे, आत्या. आठवतंय मला.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं. धुराने दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात पेइ-रोंगचा फोन आला. तिसऱ्या रिळाचं काम अडलं होतं. आता होकार सू-यिनने द्यायचा होता. ती प्रयोगशाळेत गेली.

“काकांनी काळं सांगितलं होतं, ते मी केलंय,” पेइ-रोंग म्हणाली. दिवे मालवलेल्या खोलीत तिचा आवाज नेहमीपेक्षा खालचा होता. “पण तुम्ही एकदा बघून मग ठरवा. त्या दुकानातल्या प्रत्येक शॉटमध्ये त्यांनी नटाला उजव्या कडेला अगदी ढकलून दिलंय. डावीकडची जागा कधीच चौकटीबाहेर जाऊ दिली नाही. नट दाराकडे जातो, तरी कॅमेरा त्याच्यामागे जात नाही. मला वाटायचं, शैली आहे.”

“मलाही.”

पेइ-रोंगने चकती उलटी फिरवली. काळोख आधी राखाडी झाला, मग त्यात फिल्मचे दाणे दिसू लागले, मग कडा. भिंतीला टेकलेली पोती. जोडून ठेवलेली दोन खोकी. त्यांच्यावर पुरुषाचं जाकीट, कॉलर उसवलेलं. जाकिटातून बाहेर आलेला एक छोटा कॅनव्हासचा बूट.

सू-यिन उठून पडद्याजवळ गेली.

“शूटिंग चालू असताना कॅमेरामनला कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढता येत नाही,” पेइ-रोंग मागून म्हणाली. “आजूबाजूला काय चाललंय ते दिसत नाही त्याला. चौकटीत असेल तेवढंच दिसतं.”

खोलीत यंत्रांची घरघर तेवढी होती. खिडक्यांना काळी कापडं लावून भर दुपारी केलेली ती रात्र सू-यिनला आठवली. सुक्या माकुळांचा वास. ‘आता हलायचं नाही हं,’ हे दबक्या आवाजातलं सांगणं. आणि आठवली एक जुनी लबाडी. जागी असलेल्या मुलीला बसथांब्यापर्यंत चालावं लागे. झोपलेल्या मुलीला बाबा खांद्यावर टाकून नेत.

“अजून थोडं वाढवता येईल?” तिने विचारलं.

“दाणे फार येतील.”

“येऊ देत.”

जाकिटाच्या वर एक चेहरा उमटला, नखाएवढा. त्यात दोन बारीक ठिपके चमकत होते, वसुलीवाल्याच्या गालावरचाच उजेड घेऊन. ते सरळ भिंगात बघत होते. तिथून तिला तेव्हा फक्त एक काच दिसली होती, आणि काचेमागे चेहरा नसलेला माणूस.

ती म्हणाली, “काळं करा. त्यांनी सांगितलं होतं तेवढंच.”

“नक्की?”

“हो. आणि पुस्तिकेतला तो परिच्छेद गाळायला सांगा.”

कॉमेंटरीच्या बंद खोलीत मायक्रोफोनपुढे दोन खुर्च्या होत्या. दुसरी कुणी हलवली नव्हती, तिनेही हलवू दिली नाही. काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने बोट वर केलं. सू-यिन चांगलं बोलली. सावल्यांविषयी, बंदराविषयी, उधारीवर आणलेल्या दिव्यांविषयी. एकदा तिने बाबांचा न्हाणीघराचा विनोदही सांगितला, तेव्हा काचेपलीकडचा माणूस हसला.

मग सुक्या मासळीचं दुकान आलं. वसुलीवाला उजव्या कडेला येऊन उभा राहिला. डावीकडे काहीच दिसत नव्हतं.

ती थांबली. नट सगळं बोलून दाराकडे निघाला, चौकटीबाहेर गेला. कॅमेरा तिथेच राहिला. ध्वनिमुद्रकाने भुवया उंचावल्या, हाताने ‘बोला’ अशी खूण केली.

सू-यिनने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मायक्रोफोनपासून किंचित वळली, शेजारच्या खुर्चीकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “मी झोपले नव्हते. तुमच्याकडेच बघत होते.”