झाकणातलं भूत

बोईसर-पालघर रस्त्यावर उमरोळीच्या अलीकडच्या वळणावर एक भूत राहत होतं आणि ते फक्त मोटरसायकलींना धरत असे. सायकल, बैलगाडी, एसटी यांच्या वाटेला ते कधी गेलं नाही. त्याचा बंदोबस्त करायला शेंदूरबाबा त्याच वळणावर चिंचेखाली बसत, ही सगळ्यांना मोठी सोय वाटे.

त्या दुपारी कृष्णकांतची गाडी गचके खात नेमकी तिथेच बंद पडली. लगेच बघ्यांचं कोंडाळं जमलं. ताडगोळे विकणारी बायडी टोपली घेऊनच पुढे आली. मागच्या सीटवरून कपड्यांची पिशवी सांभाळत सुलू उतरली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि नवरा तिला पालघरला माहेरी सोडायला निघाला होता. भूत हिच्याच पाठीवर बसून सासरी आलं, असा बाबांचा निकाल होता. जुनी गाडी आणि नवी सून एकाच महिन्यात घरात आली होती. दोष गाडीला दिला तर गाडी विकावी लागली असती. सुनेला पिशवी दिली की काम भागत होतं.

खरं तर गाडी घेतल्या घेतल्या कृष्णकांतने ती बाबांकडे नेऊन शेंदूर लावून आणली होती आणि तेव्हापासूनच ती अडू लागली. बोईसरला टाकी भरायची, पालघरची वाट धरायची, की वळणावर मुक्काम. बोईसरच्या रामनाथ मिस्त्रीने दोनतीनदा इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्ब्युरेटर उघडला, जेटमधून हवा मारली, आतली सुईसुद्धा बदलली.

"कार्बोरेटर तो एकदम साफ है," तो म्हणाला, "पर रास्ते में पेट्रोल नीचे आता नहीं होगा. वहाँ सूखा पड़ जाता होगा."

पेट्रोल अडवतं कोण, हे गॅरेजात कळत नसे. तिथे पोचेपर्यंत बाबांच्या कृपेने गाडी ठणठणीत झालेली असे.

बाबांनी टाकीवरून मोरपीस फिरवलं. "ह्रीं क्लीं फट्! इंजिन सोड! क्लच सोड! वायुरूपानं भायेर निघ!" झाकणाला पेट्रोल भरण्यापुरताच हात लावायचा, एरवी ते बाबांनीच उघडायचं, असा नियम होता. त्यांनी डोळे मिटून झाकण सैल केलं.

फुस्स!

"गेला, गेला!" गर्दीने हात जोडले. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. बाबांनी तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड थर पुन्हा झाकणावर थापला. "आता ही माहेरी बसली, का परत नाय येयाचा तो."

सुलूने पिशवी छातीशी धरली. तरी नजर झाकणावरच होती. मधोमध असलेलं बारीक भोक शेंदराखाली बुजताना तिने पाहिलं. सकाळीच तिने तेलाचा नवा डबा फोडला होता. घरातून घालवायच्या दिवशीही सासूबाई तिला काम सांगायला विसरल्या नव्हत्या. एक भोक पाडलं तरी तेल येईना, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "दुसरं पाड गो. वारा आत गेल्याशिवाय तेल भायेर येल का?"

"थांबा," सुलू म्हणाली. "ते भोक वाऱ्यासाठी हाय. तुमी ते बुजवता, मग पेट्रोल खाली कसं उतरंल? झाकण खोललं का वारा आत घुसतो, त्याचा तो आवाज. भायेर कोण जात नाय."

"पोरी, तुज्या तोंडून तोच बोलतो!" बाबा ओरडले.

"मीच बोलते. तुमची गाडी कुठं हाय?"

चिंचेमागे बाबांची फटफटी उभी होती. दिवा शेंदराने माखलेला, हँडल माखलेलं, मडगार्डही सुटलं नव्हतं. पेट्रोलचं झाकण तेवढं चकाचक.

"यालाच शेंदूर का नाय लावला?" सुलूने विचारलं.

"माजी गाडी सिद्ध हाय."

"मग भ्यायचं कशाला? लावा नि पालघरला जाऊन या."

"आज माजा उपास हाय."

"उपास तुमचा, गाडीचा नाय ना?" बायडी म्हणाली आणि बाबांच्या शेंदराच्या वाटीत अंगठा बुडवून तिने तो त्या चकचकीत झाकणावर गच्च दाबला.

बाबा उडी मारून धावले. उपरण्याने झाकण पुसलं, मग भोक मोकळं होईपर्यंत नखाने खरवडत राहिले. इतक्या मनापासून पूजा करताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. आधी बायडी हसली आणि तिच्यामागून सगळेच.

सुलूने पदराने आपल्या गाडीचा शेंदूर पुसला आणि बांगडीतली पिन काढून भोक साफ केलं.

"बस, घरी जाऊ," कृष्णकांत मान खाली घालून म्हणाला.

"नाय. आधी पालघर. तिथं टाकी गच्च भरा, नि मग तारापूरला घरापर्यंत न थांबता चला. नायतर उद्या आई म्हणतील, आजच्यापुरती चालली."

येताना वळण आलं तेव्हा तिने नवऱ्याचा खांदा घट्ट धरला होता. गाडी एकसुरात निघून गेली. चिंचेखाली कोणी नव्हतं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "परत आणलीस हिला? नि भूत?"

सुलूने लाल झालेला पदर पुढे धरला. "येवढंच होतं, आई." इतका वेळ आवरलेलं रडू तिला तिथे उंबऱ्यावर फुटलं. सासूबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

ज्या घरात तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतात, त्या घराला हे कोडं सोडवायला बाबा लागत नव्हता. गाडी अडली तर झाकण उघडून बघावं. आणि कोणी घरातल्या माणसाकडे बोट दाखवून कारण सांगू लागला, तर आधी त्याची स्वतःची गाडी बघून घ्यावी.