लाल म्हणजे ऋण

आमच्याकडच्या तरुण इंजिनिअर लुदमिला पेराल्ताने त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांना विचारलं, फक्त एकाला सोडून. तो एक म्हणजे आमचा प्रमुख, डॉक्टर एवारिस्तो बुस्तोस. तो आणि मी कोर्दोबाच्या विद्यापीठात एकाच वर्गात होतो, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. मान द्यावा असं त्याने तसं काही केलेलंही नाही.

आमच्या डोंगरातल्या चाचणीतळावर एक रीत आहे. रॉकेटचं इंजिन पेटवण्याआधी, ज्याची चाचणी असेल त्याने नियंत्रण खोलीत प्रत्येकासमोर उभं राहायचं आणि नाव घेऊन विचारायचं, "काही आहे?" मनात शंका असेल तर ती तेव्हाच सांगायची, नसेल तर "काही नाही" म्हणायचं. न विचारता मात्र दुसऱ्याच्या चाचणीत नाक खुपसायचं नाही. रीत चांगलीच आहे. चांगल्या रीतीचं सोनं करायचं की विष, हे ज्याच्या त्याच्या हातात.

भांडण सूत्रावरून होतं. इंजिनाच्या ज्वलनकक्षाची तांब्याची भिंत वितळू नये म्हणून तिच्यातल्या बारीक नळ्यांतून आधी इंधन फिरवतात, ते जाता जाता उष्णता घेऊन जातं. किती घेऊन जातं, याचं सूत्र एवारिस्तोचं. तळावर ते देववाक्य. लुदमिलाने भर बैठकीत सांगितलं की अरुंद नळ्यांत हे सूत्र उष्णता फार कमी धरतं. आपण गरजेपेक्षा जास्त इंधन फिरवतो, पंप मोठा लागतो, इंजिन उगाच जड होतं.

"पोरी," एवारिस्तो हसला, "तुझ्या जन्माआधीपासून मी तांबं वितळवतोय."

"तेच म्हणतेय, डॉक्टर. वितळवताय."

बैठकीला हसू आवरेना. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. तिच्या सूत्राने घडवलेला कक्ष एकच होता आणि तिला दुसऱ्यासाठी तांबं मिळणार नव्हतं. तो टिकला तर लुदमिला तळावर कायम होणार होती. जळाला तर तिला घरचा रस्ता.

भिंतीचं तापमान मोजणाऱ्या तारा तिने स्वतः जोडल्या, कारण दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता. तार उत्तरेकडून, अमेरिकेतून आलेली. विजेच्या कामात लाल म्हणजे धन टोक, पण त्या तारेत लाल म्हणजे ऋण. आमच्यातला प्रत्येक जण आयुष्यात एकदा इथे आपटतो. एकाच टोकाला तार उलटी लावली तर तापवल्यावर आकडा खाली पळतो आणि चूक लगेच कळते. दोन्ही टोकांना उलटी लावली तर आकडा अगदी शहाण्यासारखा वागतो. फक्त तारा जिथे जोडतात तो बाहेरचा जोडडबा खोलीपेक्षा जितका तापेल, त्याच्या दुपटीने भिंत थंड दिसते. पहाटे डबाही गार असतो, खोलीही गार. चूक दिसतच नाही.

चाचणी पहाटेच व्हायची होती. ऑक्सिजनचा टँकर उशिरा आला आणि आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातलं, जानेवारीचं ऊन डोक्यावर चढलं. डब्याला हात लावला तर चटका बसत होता.

लुदमिला विचारत फिरली. "सुलेमा, काही आहे?"

"काही नाही, बाळ," मी म्हटलं.

एवारिस्तोने हातातलं माते या कडू पानांच्या चहाचं भांडं खाली ठेवलं आणि सावरून बसला. ती त्याच्या खुर्चीसमोरून मान वर करून निघून गेली. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

इंजिन पेटलं. दाब एकेक पायरी चढवत नेला, तशी भिंत तिच्या हिशेबाहूनही थंड दिसू लागली.

"बघतेस ना, सुलेमा? माझ्याही आकड्यापेक्षा गार!"

"ठरलेली शेवटची पायरी झाली. थांब आता."

"अजून एक. आज त्याचं नाक कापून त्याच्याच हातात देते."

पुढच्या क्षणी ज्वाळा हिरवी झाली. हिरवी ज्वाळा म्हणजे तांबं जळतंय. मी झडपा बंद करेपर्यंत कक्षाला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं.

एवारिस्तो काचेपाशी येऊन उभा राहिला. "हिरवा रंग शोभतो हां तुझ्या सूत्राला," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी तो तिच्याशी बोलला, तो हे.

तिने त्याच संध्याकाळी डबा उघडला आणि चूक ओळखली. डब्याचं तापमान वेगळं मोजलेलं होतंच, त्यामुळे चूक काढून टाकून खरे आकडे मिळवता आले. ते तिच्या सूत्रावर तंतोतंत बसले. गप्प राहिली असती तर दोष सूत्रावर गेला असता, तिच्यावर नाही. पण चौकशीत ती उभी राहून म्हणाली, "तारा मी उलट्या जोडल्या. कक्ष मी जाळला. पण सूत्र बरोबर आहे, बघा." मला त्या पोरीचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

"सूत्र बरोबरच आहे," एवारिस्तो शांतपणे म्हणाला. "तारा उलट्या आहेत हे मी सकाळीच पाहिलं होतं."

"पाहिलं होतंस? आणि बसून राहिलास, मेल्या?" मी ओरडले.

"काय करणार, सुलेमा? रीत आहे. तिने खोलीभर विचारलं, मला विचारलं नाही. मी तयार बसलो होतो. विचारा तिला."

चौकशीच्या अध्यक्षांनी विचारलं. लुदमिलाचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही विचारलं," ती म्हणाली.

कक्ष जाळणारीला तळावर ठेवता येत नाही, असं ठरलं. सूत्र मात्र तळाच्या मालकीचं, तेव्हा त्याचं पुढचं काम प्रमुखांकडे. पुढचा कक्ष तिच्याच सूत्राने घडतोय आणि आराखड्यावर नाव बुस्तोसचं आहे. ती निघताना त्याने तिच्याकडून सगळी गणितं नीट समजावून घेतली. तिनेही समजावली, दुपारभर बसून.

दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात तो माझ्या समोर येऊन बसला, हातात गरम पाव. मला राहवलं नाही.

"एवारिस्तो, खरं सांग. तिने विचारलं असतं, तर सांगितलं असतंस?"

त्याने घास सावकाश चावून गिळला.

"छे गं. 'काही नाही' म्हटलं असतं. मग खोटं बोलल्याचं माझ्यावर आलं असतं की नाही? पोरीने वाचवलं बघ मला."