नुबार माझ्यावर बसला तेव्हा

मी खुर्ची बोलतेय. अमेरिकेतल्या वॉटरटाउन गावात सातेनिगची बेकरी आहे, तिथं गल्ल्याशेजारी माझी जागा.

गार्डनर गावातल्या खुर्च्यांच्या कारखान्यात मॅपलच्या लाकडातून मला घडवलं. सातेनिगच्या सासऱ्यांनी मला आणलं ते गिऱ्हाइकांसाठी. दोन रोट्या घ्यायला आलेल्यालाही आधी बसवायचं, कॉफी द्यायची, घरच्यांची चौकशी करायची, मग रोट्या. सासरे गेले, नवरा गेला, पण सातेनिगनं ही रीत मोडली नाही. तिची मुलगी शोघिग कुरकुरायची, "आई, हे दुकान आहे की आपली बैठकीची खोली?"

गेल्या वसंतात कुणीतरी नगरपालिकेला निनावी पत्र पाठवलं, की इथल्या मटणाच्या रोट्यांत शिळं मटण वापरतात. तपासनीस आला. सातेनिगनं त्यालाही माझ्यावर बसवलं, तीनदा कॉफी विचारली. नियमात बसत नाही म्हणून त्यानं घेतली नाही. सापडलं काहीच नाही, पण बातमी गावभर झाली. नऊ दिवस माझ्यावर कुणी टेकलंसुद्धा नाही.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, भर दुपारी, नुबार दारात उभा राहिला. समोरची बेकरी त्याची. वीस वर्षांत हा उंबरा त्यानं ओलांडला नव्हता. शोघिगचे पीठ मळणारे हात थांबले.

"बस," सातेनिग म्हणाली.

"बसायला नाही आलो, ताई. माझी भट्टी फुटलीय. उद्या आईला जाऊन चाळिसावा दिवस. चर्चमध्ये तीनशे माणसं जेवायला येतील आणि माझ्याकडं एक रोटी नाही."

"आधी बस."

तो बसला. सातेनिगनं कॉफी पुढं ठेवली. त्यानं कपाला हात लावला नाही.

"दुसरीकडं विचारा की," शोघिग म्हणाली. "आमच्याकडं शिळा माल असतो म्हणे."

नुबार जमिनीकडं बघत म्हणाला, "ते पत्र मी लिहिलं होतं."

कणकेचे गोळे कापायची सुरी सातेनिगच्या हातात होती, ती हवेतच राहिली. आता ही याला माझ्यावरून ओढून बाहेर काढणार, असं मला वाटलं.

"आरुसयागला ठाऊक होतं?" तिनं विचारलं. आरुसयाग म्हणजे नुबारची आई.

"कळलं त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही. शेवटपर्यंत नाही."

सातेनिगनं सुरी खाली ठेवली. "देव तिच्या आत्म्याला उजेड देवो. शोघिग, मागची भट्टी पेटव."

"आई, अगं..."

"रोट्या आरुसयागसाठी आहेत." मग ती नुबारकडं वळली. "तुला मी माफ केलेलं नाही. ही कॉफी गार झाली, दुसरी करते."

तो उठायला लागला.

"बस म्हटलं ना. त्या तपासनीसानं घेतली नाही, तू तरी घे."

नुबारनं कप दोन्ही हातांत धरला आणि कॉफी संपवली. मग बाह्या सारून तो शोघिगच्या शेजारी पीठ मळायला उभा राहिला. अंधार पडेपर्यंत दोघं एकमेकांशी अक्षर बोलली नाहीत.

तो पुन्हा आला नाही. रस्त्यात सातेनिग दिसली की मान लववतो, तीही लववते. त्यापुढं काही नाही.

आता माझा मागचा पाय खिळखिळा झालाय. बेकरी शोघिगच्या हाती आलीय आणि तिनं मला टाकायचं ठरवलंय. टाक पोरी, माझी तक्रार नाही. फक्त ही जागा रिकामी ठेवू नकोस. नवी खुर्ची आण. आणि ज्याचं तोंडही बघावंसं वाटत नाही असा कुणी दारात आला, तर त्याचं म्हणणं नंतर ऐक. आधी त्याला बसायला सांग.